न घाबरता म्हणायचं ‘आय अ‍ॅम अफ्रेड’

आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत कुणाला इंग्रजीत मेल लिहायचा असला की तो आधी माझ्याकडे येतो. सेक्रेटरी येतात, लिफ्टवाल्या कंपनीशी वाद घालणारे तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ येतात, नव्याने नोकरीला लागलेल्या मुली येतात. मोबाइल पुढे करून म्हणतात, "मावशी, जरा बघा ना, बरोबर वाटतंय का?" मी चष्मा लावते. व्याकरण बहुतेक वेळा ठीक असतं. बिघडलेला असतो तो सूर. लिफ्टवाल्याला लिहिलेलं पत्र कानफटात मारल्यासारखं असतं आणि बॉसला लिहिलेलं लोटांगण घातल्यासारखं. मी दोन शब्द काढते, एक घालते आणि मोबाइल परत देते.

हेच काम मी नोकरीभर केलं. तेव्हा मेल नव्हते, टाइपरायटर होते. नवी मुंबई हे नावही नव्हतं. माझं पद स्टेनोचं. लोकांना वाटतं, साहेब बोलतात आणि स्टेनो उतरवून घेते, एवढंच काम. प्रत्यक्षात साहेब निम्म्या वेळा मराठीत बोलायचे. "त्या पाइपवाल्याला जरा दम भरा," असं सांगून जेवायला निघून जायचे. दम इंग्रजीत कसा भरायचा, हे माझ्यावर. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. पहिल्यांदा माल उशिरा आला तर आम्हाला ‘सरप्राइज’ वाटायचं. दुसऱ्यांदा आम्ही ‘डिसअपॉइंटेड’ व्हायचो. तिसऱ्यांदा ‘कन्स्ट्रेन्ड’, म्हणजे नाइलाज झाला, असं लिहायचं. ते वाचून शहाणा माणूस त्याच दिवशी माल ट्रकवर चढवायचा, कारण त्याच्या पुढची पायरी वकिलाची.

हे बाळकडू मला वडिलांकडून मिळालं. ते उरणला एका मिठाच्या पेढीवर पत्रव्यवहार बघायचे. मी शाळेत होते, पन्नास-पंचावन्नचा काळ असेल. सरकारी कचेरीला जाणारं प्रत्येक पत्र तेव्हा ‘आय बेग टु स्टेट’ने सुरू व्हायचं. पेढीच्या मालकांना एक दिवस कुणीतरी सांगितलं की ‘बेग’ म्हणजे भीक मागणं. ते वडिलांना म्हणाले, "अहो प्रधान, स्वराज्य आलं की. आता भीक कसली मागता? काढा तो शब्द." वडिलांनी समजावून पाहिलं, पण मालक ऐकेनात. मग पत्रं ‘आय स्टेट’ अशी जाऊ लागली. काही दिवसांनी मालक कामाला म्हणून कचेरीत गेले, तर तिथले अधिकारी त्यांना काळजीने विचारू लागले, "शेठ, आमचं काही चुकलं का? हल्ली तुम्ही फार रागावून लिहिता."

वडील मला म्हणाले होते, "मराठीत ‘जरा’ म्हटलं की भागतं. इंग्रजीत तो ‘जरा’ वाक्यभर पसरावा लागतो." मी लघुलेखनाच्या परीक्षा दिल्या, पण यापेक्षा कामाचं वाक्य मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

साठ सालानंतर ठाणे-बेलापूर रस्त्यावर एकामागून एक कारखाने उभे राहायला लागले. मी ठाण्याला आत्याकडे राहून टायपिंग शिकले आणि घणसोलीच्या अलीकडे एका रसायनांच्या कारखान्यात लागले. कंपनीची बस ठाण्याहून न्यायची. कळवा मागे पडलं की एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला भातखाचरं, त्यांच्यापलीकडे मिठागरं आणि खाडी. आमच्या कचेरीच्या खिडकीतून मिठाचे पांढरे ढीग दिसायचे आणि वारा खाडीकडून आला की कारखान्याच्या वासात सुक्या मासळीचा वास मिसळायचा. मुंबईहून आलेले लोक नाकाला रुमाल लावायचे. मला घरची आठवण यायची.

त्या कारखान्याचे वर्क्स मॅनेजर होते मोकल साहेब. उरणच्या बाजूच्या एका आगरी गावातले. वडील मिठागरावर राबलेले. मोकल साहेब मराठी शाळेत शिकले, मुंबईत राहून इंजिनीअरिंगचा डिप्लोमा केला आणि वेगवेगळ्या कारखान्यांत काम करत वर चढले. मी उरणची आहे हे कळल्यावर पहिल्याच दिवशी म्हणाले, "म्हणजे आपल्याच बाजूच्या." त्यानंतर मला ते ‘प्रधान बाई’ म्हणत आणि माझ्याशी साधं, आपलं मराठी बोलत. कचेरीतल्या इतरांशी जपून बोलायचे. रागावले किंवा खूश झाले की गावची बोली वर यायची.

इंग्रजी ते वाचायचे उत्तम. मशीनबरोबर आलेली जाडजूड पुस्तकं त्यांनी पानोपानी रेघा मारून वाचलेली असत. बोलायची वेळ आली मात्र, की हा सहा फुटी माणूस आखडायचा.

त्यांच्यावरचे आमचे डायरेक्टर सबनीस साहेब. मुंबईतल्या इंग्रजी शाळेत शिकलेले, परदेशात राहून आलेले. वाईट माणूस नव्हता, पण घाईचा. त्या वर्षी कंपनीने विलायतेहून नवीन प्लांट मागवला होता. त्यातला मुख्य भाग म्हणजे रिअ‍ॅक्टर. आम्ही सगळे त्याला ‘भांडं’ म्हणायचो, आणि ते भांडंच होतं: दुमजली घराएवढं, बंद तोंडाचं, ज्यात रसायनं वाफेच्या दाबाखाली शिजवायची. ते बसवून द्यायला मशीन बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनीअर आला होता, मिस्टर एलिस. पन्नाशीचा, उंच, उन्हाने सोललेल्या नाकाचा, कमी बोलणारा.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. नकाशे पसरून सगळे उभे होते. मी वही घेऊन बाजूला. मोकल साहेबांना एका पाइपचं माप नीट कळलं नव्हतं. त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "आय हॅव अ डाउट अबाउट युअर ड्रॉइंग."

एलिस साहेबांचं सोललेलं नाक आणखी लाल झालं. ते कोरडेपणाने म्हणाले की हा नकाशा त्यांनी स्वतः तपासला आहे, आणि आजवर त्यावर कुणी शंका घेतलेली नाही. मोकल साहेबांना काय झालं तेच समजेना. आपल्याकडे ‘शंका आहे’ म्हणजे काहीतरी विचारायचं आहे. शाळेत मास्तर रोज म्हणतात, कुणाला काही शंका? इंग्रज माणसाला ‘डाउट’ म्हणजे, तुझ्यावर माझा विश्वास नाही. मी हळूच म्हटलं, "ही मीन्स अ क्वेश्चन, सर." एलिस साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मोकल साहेबांकडे पाहिलं, आणि माप समजावून दिलं. वातावरण मात्र त्या दिवशी सैल झालं नाही.

संध्याकाळी सबनीस साहेबांनी मोकल साहेबांना बोलावलं. मधली भिंत प्लायवुडची, त्यामुळे मला ऐकू आलं. "मोकल, काम तुमचं चांगलं आहे. पण या प्लांटवर परदेशी माणसं येत-जात राहणार. तुम्ही असं बोलायला लागलात तर मला इन्चार्ज म्हणून मुंबईहून कुणी आणावा लागेल." आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच जास्त लागलं असावं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मोकल साहेब डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले. शिपायाला बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि म्हणाले, "प्रधान बाई, मला बोलायला शिकवा. व्याकरण नको. ह्या लोकांत बोलतात तसं."

त्या दिवसापासून आमची शिकवणी सुरू झाली. ते भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी आणायचे, माझ्याकडे पोळी-भाजी. निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं आणि वाक्यं घोकायची. ‘आय हॅव अ डाउट’ऐवजी ‘मे आय आस्क’. ‘यू आर राँग’ऐवजी ‘आय वंडर इफ’. "ह्याचा अर्थ काय?" ते विचारायचे. मी सांगायची, "मला आश्चर्य वाटतंय की..." "पण मला आश्चर्य वाटत नाय. मला तो चुकलाय असं वाटतंय." "तेच म्हणायचं, साहेब. आश्चर्य वाटल्यासारखं करून." ते मान हलवायचे आणि पाठ करायचे.

‘आय अ‍ॅम अफ्रेड’वर गाडी अडली. मी सांगितलं की नकार द्यायचा असला तर आधी हे म्हणतात. आय अ‍ॅम अफ्रेड आय कान्ट अ‍ॅग्री.

"अफ्रेड म्हणजे घाबरलो ना?"

"हो, पण इथे तसा अर्थ नाही. इथे म्हणजे, माफ करा, पण..."

"मी घाबरलो नाय तर घाबरलो कशाला म्हणू?"

"म्हणायची पद्धत आहे, साहेब."

ते चटणीला बोट लावून विचार करत बसले. मग म्हणाले, "आमच्या गावात कोन असं बोलला तर त्याचं लगीन जमनार नाय." मला इतकं हसू आलं की पाण्याचा घोट नाकात गेला. पण वाक्य त्यांनी पाठ केलं. आरशासमोर म्हणून बघतो, असं मला एकदा सांगितलं होतं. त्यांची बायको विचारायची म्हणे, कुणाला भ्यायलात.

भांडं जागेवर बसलं. उद्घाटनाची तारीख ठरली, मुंबईहून कंपनीचे चेअरमन येणार होते, पत्रिका छापायला गेल्या. आणि तेव्हाच मोकल साहेबांच्या मनात किडा शिरला. भांडं बंदरात उतरवताना क्रेनवर थोडं आपटलं होतं, असं त्यांना ट्रकवाल्याकडून कळलं. बाहेरून काही दिसत नव्हतं. त्यांनी हातोडीने ठोकून पाहिलं. तळाशी एका जोडाजवळ आवाज बद्द येतो असं त्यांना वाटलं. त्यांचं म्हणणं असं, की वाफ सोडायच्या आधी भांड्यात काठोकाठ पाणी भरून दाब द्यावा. पाण्याने जोड फुटला तर पाणी सांडतं. वाफेने फुटला तर जवळचा माणूस उरत नाही. पण त्यासाठी निम्मी पाइपलाइन सोडवायची, परत जोडायची. उद्घाटन पुढे गेलं असतं. शिवाय भांडं विलायतेहून तपासून, दाखला घेऊन आलेलं. परत तपासा म्हणणं म्हणजे एलिस साहेबांच्या कंपनीवर अविश्वास.

भांड्यावर काम करणारी माणसं बहुतेक जवळच्या गावांतली होती. त्यांच्यात वयाने मोठे हिरू पाटील. त्यांचीच खाचरं कारखान्यात गेली होती आणि त्याच जमिनीवर आता ते व्हॉल्व्ह फिरवायचे. मोकल साहेबांनी त्यांनाही ठोकून दाखवलं. हिरूदादा कान लावून म्हणाले, "मना त काय समजत नाय साहेब. पन तुमचा मन खात आसंल त थांबा."

"खात्री नाय रे," मोकल साहेब म्हणाले.

दुपारी जेवताना तेच मला म्हणाले. "खात्री असती तर सोपं होतं, बाई. खात्री नाय, म्हणून तर टेस्ट पाहिजे. हे इंग्रजीत कसं सांगू?"

मी सांगितलं, ‘आय शुड बी हॅपिअर’ म्हणा. आपण पुन्हा तपासलं तर मला जास्त बरं वाटेल. सभ्य, टोचणारं नाही, आणि इंग्रज माणूस बरोबर ओळखतो की हा माणूस तयार नाही. मला माझ्या वाक्याचा अभिमान वाटला होता, हे कबूल करायला हवं.

मीटिंग सबनीस साहेबांच्या खोलीत झाली. ते स्वतः, एलिस साहेब, मोकल साहेब आणि टिपणं घ्यायला मी. कधी सुरू करायचं, हा एकच विषय. मोकल साहेबांनी घसा साफ केला आणि एक शब्द न चुकता म्हणाले, "आय शुड बी हॅपिअर इफ वुई कुड टेस्ट द व्हेसल वन्स मोअर."

एलिस साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांना बरोबर कळलं होतं. पण ते बोलले नाहीत. सबनीस साहेब मात्र हसले. म्हणाले, "मोकल, सगळ्यांनाच बरं वाटेल. पण उद्घाटन झाल्यावर." आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

मी वहीतून मान वर केली नाही. गंमत अशी, की आपल्याच माणसाला ते वाक्य कळलं नाही. इंग्रजाचं इंग्रजी सबनीस साहेबांना कळायचं. मोकल साहेबांच्या तोंडी आलेलं तेच वाक्य त्यांना कच्चं वाटलं.

मोकल साहेबांनी दुसऱ्यांदा सुरुवात केली. "आय अ‍ॅम अफ्रेड..." आणि थांबले. पुढचं वाक्य त्यांना येत होतं, मी त्यांच्याकडून पन्नासदा म्हणवून घेतलं होतं. पण ते गिळलं त्यांनी. दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "नो. आय नॉट स्टार्ट. माय मेन स्टँडिंग देअर. आय नॉट शुअर, सो आय नॉट स्टार्ट."

सबनीस साहेबांचा चेहरा उतरला. परक्या माणसासमोर आपल्या मॅनेजरने असं बोलावं, आणि असल्या इंग्रजीत. एलिस साहेब खुर्चीत थोडे पुढे सरकले. "आय थिंक," ते सावकाश म्हणाले, "दॅट इज परफेक्टली क्लिअर."

सबनीस साहेबांनी मीटिंग संपवली. बाहेर पडताना मला एवढंच म्हणाले, "मिस प्रधान, मिनिट्स आजच द्या. आणि नीट भाषेत."

मिनिट्स म्हणजे मीटिंगमध्ये काय ठरलं त्याची लेखी नोंद. ती हेड ऑफिसला जायची. ‘नीट भाषेत’ म्हणजे काय, हे मला न सांगता कळलं. मी टाइपरायटरवर कागद चढवला आणि लिहिलं, ‘इट वॉज फेल्ट अ‍ॅडव्हायजेबल’, म्हणजे चाचणी घेणं इष्ट वाटलं. कुणी नकार दिला, कुणाचा आवाज चढला, काही नाही. मोकल साहेबांची नोकरी यात शाबूत राहील असा माझा हिशेब.

ते दारातून डोकावले. मी मसुदा दाखवला. ते ओठ हलवत वाचत होते.

"वाटलं," ते म्हणाले. "कुणाला?"

"कुणालाच नाही, साहेब. इंग्रजीत कुणाला न वाटताही वाटू शकतं."

"मग उद्या असंच कुणाला न वाटता वाटलं की चालू करा, तर?"

मी खोडरबर उचललं.

"माझं नाव घाला, बाई. मी नाय म्हणालो असं लिहा. अडवणारा कोण हे कागदावर पाहिजे, नाहीतर तो अडवणाराच नाय."

"साहेब, टेस्टमध्ये काही निघालं नाही तर?"

"तर काय. दुसरीकडे जाऊ." हे ते अगदी सहज म्हणाले. त्यांना तीन मुलं होती. मी ती पाहिलेली होती.

मग आम्ही दोघांनी मिळून वाक्य शोधलं. ‘रिफ्यूज्ड’ लिहिलं तर ते शिस्तभंगात बसलं असतं. ‘अनएबल’ लिहिलं तर वाटलं असतं की त्यांना जमत नाही. शेवटी मी लिहिलं, ‘मिस्टर मोकल वॉज नॉट प्रिपेअर्ड टु स्टार्ट द प्लांट’, चाचणी होईपर्यंत.

"नॉट प्रिपेअर्ड? म्हणजे माझी तयारी नव्हती?" ते दुखावले. "माझी सगळी तयारी होती."

मी समजावलं की याचा अर्थ अभ्यास झालेला नाही असा नसून, काही केलं तरी हा माणूस हलणार नाही, असा होतो. आणि तरीही वाक्य सभ्य राहतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. "हे चांगलं हाय," म्हणाले. आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच इंग्रजी आवडल्याची खूण दिसली.

सबनीस साहेब सही करताना त्याच ओळीवर थांबले. "हे असं म्हणाला तो?"

"अर्थ हाच होता, सर."

त्यांनी पेन फिरवलं आणि सही केली. "ठीक आहे. मग जबाबदारीही त्याचीच." चाचणीला परवानगी मिळाली होती, पण कशाच्या बदल्यात मिळाली, ते मला स्पष्ट दिसत होतं.

पाइप सुटले. भांड्यात पाणी भरलं. दाब चढवायच्या दिवशी कचेरीतले आम्ही सगळे काही ना काही कारण काढून लांब शेडपाशी उभे होतो. मोकल साहेब भांड्याच्या जवळ, हिरूदादा पंपावर, एलिस साहेब काटा बघत. काटा चढला. तळाचा तो जोड कोरडा. आणखी चढवला. कोरडा. एलिस साहेबांनी आपल्या रुमालाने तो पुसून पाहिला, रुमाल कोरडा. सबनीस साहेबांनी घड्याळ बघितलं. मोकल साहेबांच्या मानेवरून घाम उतरत होता.

"साहेब," हिरूदादा पंपावरून म्हणाले, "वरती बघा. त्या बाजूला."

भलतीकडेच, वरच्या झाकणाखालच्या जोडावर, पाण्याचे थेंब ओळीने उभे राहत होते. घाम फुटावा तसे. एलिस साहेब शिडी चढून गेले. हाताने पुसलं, थेंब पुन्हा आले. त्यांनी तिथूनच पंप थांबवायची खूण केली. खाली आले तेव्हा त्यांचं तोंड पांढरं पडलेलं होतं. त्यांनी मोकल साहेबांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

मोकल साहेब मला नंतर म्हणाले, "मी दाखवत होतो ती जागा ठणठणीत होती, बाई. मी चुकलोच." आणि हसत सुटले. इतके दिवस साठलेलं सगळं त्या हसण्यातून बाहेर पडलं. डोळे पुसावे लागले त्यांना.

एलिस साहेबांनी त्यांच्या कंपनीला कळवायचं पत्र मलाच सांगितलं. त्यात त्यांनी ‘मिस्टर मोकल क्वाइट राइटली इन्सिस्टेड’ असे शब्द घातले, म्हणजे अगदी योग्यच आग्रह धरला. ‘क्वाइट’ हा शब्द इंग्रज माणूस जपून वापरतो, हे मला ठाऊक होतं.

पण मला लक्षात राहिलं ते सबनीस साहेबांचं पत्र. चेअरमनना उद्घाटन पुढे ढकलल्याचं कळवायचं होतं. त्यांनी मला बोलावलं, खिडकीशी पाठमोरे उभे राहिले आणि सांगितलं, "लिहा. मोकल चाचणी मागत होता. मी त्याचं ऐकलं नव्हतं. आय वॉज राँग." माझी पेन्सिल थांबली. सवयीने मी म्हटलं, "सर, ‘इट इज रिग्रेटेड’ असं घालू का?" म्हणजे, खेद वाटतो.

"नको," ते म्हणाले. "मी बोललो तसंच टाइप करा."

माझ्या सगळ्या नोकरीत डायरेक्टरच्या तोंडून ते तीन शब्द मी तेवढेच एकदा ऐकले. पुढे मी अनेक मोठ्या साहेबांची पत्रं लिहिली. खेद सगळ्यांना वाटायचा. चुकलेला कुणी नसायचा.

तो कारखाना आता राहिलेला नाही. त्या जागी काचेची इमारत आहे आणि आत शेकडो मुलं-मुली दिवसभर जगभर इंग्रजीत बोलत असतात. मिठागरांचं कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. मोकल साहेब जाऊनही बरीच वर्षं झाली. मला एक गोष्ट अजून बोचते. एवढी वर्षं मी पत्रं लिहिली, उरणला मिठाच्या वासात वाढले, चारी बाजूंना माझी भाषा बोलणारी माणसं, पण कंपनीच्या कागदावर मराठीतलं एक पत्रही माझ्या हातून गेलं नाही. तशी पद्धत नव्हती, आणि मीही कधी विचारलं नाही.

भांडं दुरुस्त झालं, पुन्हा पाणी भरून तपासलं, आणि काही महिन्यांनी उद्घाटन झालं. प्लांटचे इन्चार्ज मोकल साहेबच. मांडव घातला होता, चेअरमन आले होते, गावातले लोक बायकापोरांसह आले होते. मोकल साहेबांना दोन शब्द बोलायचे होते. मी त्यांना इंग्रजीत छोटं भाषण टाइप करून दिलं होतं. ते त्यांनी पाठही केलं होतं, माझ्यासमोर म्हणून दाखवलं होतं.

ते उठले, समोर पाहिलं. पुढच्या खुर्च्यांवर मुंबईचे पाहुणे, मागे सतरंजीवर गाव. खिशातला कागद त्यांनी काढला नाही. सरळ आपल्या बोलीत बोलायला लागले. "हे भांडं विलायतेचं हाय. बनवलं त्यांनी चांगलंच. पन ह्याला जीव लावलाय तो आमच्या मानसांनी." मागे सतरंजीवर हशा आणि टाळ्या झाल्या. पुढच्या खुर्च्यांवरचे लोक एकमेकांकडे बघू लागले.

एलिस साहेब माझ्या शेजारी बसले होते. ते माझ्याकडे वाकले. "व्हॉट डिड ही से?"

मी तोंड उघडलं आणि मला शब्द सापडेना. तोवर मी सगळी वाक्यं शोधली होती ती सूर सौम्य करायला. जीव लावला. त्याचं ‘लाइफ’ केलं तर भलताच अर्थ होतो, आणि त्या भांड्याच्या बाबतीत तर अभद्रच. ‘लव्ह’ म्हटलं तर साहेब हसतील. ‘केअर’ फार कोरडं, कॅन्टीनच्या पाटीवर लिहितात तसं. एलिस साहेब वाट बघत होते.

"ही सेज," मी शेवटी म्हटलं, "द मेन आर फाँड ऑफ इट."

"ऑफ द रिअ‍ॅक्टर?"

"येस, सर."

ते मांडवाबाहेर बघू लागले. शेडच्या सावलीत भांडं उभं होतं, झेंडूच्या माळा घातलेलं. हिरूदादांनी उद्घाटनासाठी नवं धोतर नेसलं होतं, खांद्यावर कोरा पंचा होता. टाळ्या वाजत असताना ते उठून तिकडे गेले होते. पाहुण्यांनी उधळलेला गुलाल दाबाच्या काट्याच्या काचेवर बसला होता. त्यांनी काचेवर फुंकर मारली आणि खांद्यावरच्या कोऱ्या पंच्याच्या टोकाने ती हळूहळू पुसायला लागले, लहान मुलाचं तोंड पुसावं तशी.

एलिस साहेबांनी ते पाहिलं.

"येस," ते म्हणाले. "आय सी दॅट."